आतल्या खोलीतला पसारा

रविवारी सकाळी फोन येतो, ‘आम्ही तासाभरात पोचतोच आहोत.’ मग घरात जी धांदल उडते ती प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाची आहे. दिवाणावरचे कपडे, टेबलावरची औषधे, मुलांच्या वह्या, रद्दीचा गठ्ठा, इस्त्रीसाठी काढलेला ढीग असे सगळे उचलून आतल्या खोलीत नेले जाते आणि दार ओढून घेतले जाते. पाहुणे येतात, बैठकीची खोली पाहतात आणि म्हणतात, ‘किती टापटीप आहे हो तुमच्याकडे!’ यजमानीण संकोचून हसते. तिची नजर मात्र पुन्हापुन्हा त्या बंद दाराकडे जात असते. अशा वेळी पाहुण्यांचे लहान मूल खेळता खेळता त्या दाराच्या कडीला हात घालते आणि यजमानांच्या पोटात गोळा येतो.

माणसाच्या मनालाही अशी एक आतली खोली असते. भावाच्या भरभराटीने वाटलेला मत्सर, म्हाताऱ्या आईवर केलेला त्रागा, कुणाच्या विश्वासाचा केलेला घात, तोंडावर गोड बोलून पाठीमागे केलेली निंदा हे सगळे आपण तिथे कोंबलेले असते. बाहेरची बैठकीची खोली मात्र झाडलेली-पुसलेली असते. समाजात आपल्याला ‘सज्जन गृहस्थ’ म्हणतात, नातेवाईक ‘किती समजूतदार’ म्हणतात. हे शब्द ऐकताना सुख होते आणि त्याच वेळी आत कुठेतरी टोचते. यांना ती खोली दिसली तर?

येशू ख्रिस्ताने डोंगरावरच्या प्रवचनात प्रार्थनेविषयी एक साधी सूचना केली आहे. लोकांना दिसावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका. आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि जो गुप्तपणे पाहतो त्या पित्याशी बोला. दिखाऊ धार्मिकतेवरचा हा प्रहार आहे, असेच आपण समजतो आणि ते बरोबरही आहे. पण त्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे. आपण ज्या खोलीचे दार पाहुण्यांसाठी बंद करतो, नेमकी तीच खोली देवाने भेटीसाठी निवडली आहे. त्याला बैठकीच्या खोलीत बसायचेच नाही.

ख्रिस्ती धर्मात ‘पाप’ हा शब्द वारंवार येतो आणि तो अनेकांना खटकतो. माणूस जन्मतःच पापी म्हणजे वाईट, असे हा धर्म शिकवतो, अशी समजूत पुष्कळांची असते. बायबलची शिकवण तशी नाही. माणूस देवाच्या प्रतिरूपाने घडवलेला आहे, हे बायबलच्या अगदी पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे तो ‘हमार्तिया’. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. बाण सुटतो, पण लक्ष्यापर्यंत पोचत नाही किंवा भलतीकडेच जातो. माणसाचे नेमके तसेच होते. त्याला चांगले कळते, ते हवेसेही वाटते, पण हातून घडते ते दुसरेच. संत पौल हा शास्त्रात मुरलेला, कडक आचाराचा माणूस. त्यानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ही कबुली दिली आहे. जे चांगले करावेसे वाटते ते माझ्याकडून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच मी करून बसतो, असा त्याचा आशय आहे. आज रागवायचे नाही असे ठरवून सकाळी उठलेल्या आणि शाळेची बस येईपर्यंत तीनदा मुलांवर खेकसलेल्या कुठल्याही आईवडिलांना पौलाचे हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

संत ऑगस्टीनने याच्याही खोलात जाऊन पाहिले. आजच्या अल्जीरियात ३५४ साली जन्मलेल्या या विद्वानाने आपल्या आत्मनिवेदनात सोळाव्या वर्षीची एक चोरी सांगितली आहे. शेजारच्या बागेतल्या नासपतीच्या झाडावरची फळे त्याने सवंगड्यांबरोबर रात्री पळवली. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकून दिली. मग चोरी का केली? केवळ करू नये ते करण्याची मजा म्हणून. पुढे बिशप झालेल्या, सर्वत्र मान मिळालेल्या माणसाने पोरवयातल्या मूठभर फळांसाठी इतकी पाने का खर्च करावीत, असे वाचताना वाटते. पण त्याचे दुःख फळांचे नव्हतेच. गरज नसताना, फायदा नसताना वाईटाची ओढ वाटू शकते आणि ती आपल्यातच आहे, या शोधाने तो हादरला होता. परिस्थिती, गरिबी, संगत ही सगळी कारणे बाजूला सारल्यावर जे उरते ते त्याने न लपवता पाहिले.

असे पाहणे सोपे नसते. आतल्या खोलीचे दार अचानक उघडले जाते तेव्हा माणूस काय करतो, याची दोन चित्रे शुभवर्तमानात शेजारी शेजारी आहेत. येशूला धरून नेले त्या रात्री त्याचे दोन शिष्य चुकले. यहूदा इस्कर्योत याने तीस चांदीच्या नाण्यांसाठी त्याला पकडून दिले. पेत्राने अंगणात शेकोटीपाशी उभे राहून, ‘मी त्या माणसाला ओळखत नाही,’ असे तीनदा सांगितले. दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदाने नाणी परत नेऊन दिली आणि मी निर्दोष माणसाचा घात केला, असे कबूलही केले. पण कबुली दिली ती कुणापुढे? ज्यांनी त्याचा वापर करून घेतला त्या याजकांपुढे. त्यांनी खांदे उडवले, आम्हाला त्याचे काय, तुझे तू बघ म्हणाले. यहूदा बाहेर पडला आणि त्याने गळफास लावून घेतला. कोंबडा आरवला तसा पेत्रही बाहेर पडला आणि ढसाढसा रडला. पण तो मित्रांपासून तुटला नाही, त्यांच्यातच राहिला.

पुनरुत्थानानंतरची सरोवराकाठची पहाट योहानाने रंगवली आहे. किनाऱ्यावर निखारे फुललेले आहेत, त्यावर मासळी भाजली जात आहे. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाची शेकोटी दोनदाच येते, एकदा पेत्राच्या नकाराच्या वेळी आणि एकदा इथे. त्या शेकोटीच्या उबेला पेत्राने तीनदा नाकारले होते. या शेकोटीपाशी त्याला तीनदाच विचारले जाते, ‘माझ्यावर तुझे प्रेम आहे का?’ ‘तू असे का केलेस?’ हा प्रश्न येशू एकदाही विचारत नाही. जखम जिथे झाली नेमके तिथेच बोट ठेवतो, पण मलम लावण्यासाठी. आणि त्याच कच्च्या माणसावर आपल्या मेंढरांची जबाबदारी टाकतो. यहूदाचा आणि पेत्राचा फरक पापाच्या वजनात शोधणे व्यर्थ आहे. एकाला वाटले की आता सगळे संपले. दुसऱ्याला क्षमेपर्यंत पोचण्याइतका वेळ मिळाला, आणि सोबत मिळाली. आपल्या घरातले कुणी चुकून, खाली मान घालून दाराशी उभे असते तेव्हा त्याला याजकांचे उत्तर मिळते की सरोवराकाठचे, यावर कधी कधी एका आयुष्याचा निकाल लागतो.

पण सगळ्यांच्याच आतल्या खोलीत गुन्हे दडलेले नसतात. काहींच्या खोलीत केवळ पोकळी असते, आणि ती सत्कृत्यांनी भरत नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या मातीतले आहे. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढून विधवांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. विद्वत्ता, त्याग, लोकसेवा यांपैकी काय कमी होते? आणि तरीही पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वच्छ लिहिले की, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, तारण ही कष्टाने कमवायची मजुरी नसून हात पुढे करून घ्यायची देणगी आहे. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, व्रते, पारायणे करीत देशभर पायपीट केलेल्या बाईने हे लिहावे, याला फार अर्थ आहे. धर्म बदलला तरी पुण्य जमवण्याची जुनी सवय त्यांच्याबरोबर नव्या घरात आली होती. ती सुटायला आठ वर्षे लागली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सारे काही देवाच्या कृपेने होते असे कळल्यावर रमाबाई हात जोडून स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली-बायकांना आणले, केडगावचे मुक्ती सदन उभे केले, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम १९२२ साली मृत्यू येईपर्यंत पुरे केले. स्वीकारले जावे म्हणून आधी राबत होत्या, आता स्वीकारलेल्या आहोत म्हणून राबू लागल्या. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही श्रम सारखेच दिसतील. करणाऱ्याला फरक कळतो. पहिल्या श्रमात धाप लागते, दुसऱ्यात कृतज्ञता असते.

कृपा म्हणजे काय हे येशूने व्याख्या करून सांगितले नाही. त्याने गोष्ट सांगितली. हा पापी लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते, तेव्हा सांगितलेली उधळ्या पुत्राची ही गोष्ट लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो, परमुलखात पैसा उडवतो, दुष्काळ पडल्यावर डुकरे राखतो आणि शेवटी भुकेने घरची वाट धरतो. वाटेत तो भाषण जुळवतो, ‘मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला गडी म्हणून ठेवा.’ बाप त्याला लांबूनच पाहतो. लांबून पाहिले याचा अर्थ त्याची नजर वाटेवरच असावी. आणि तो धावत सुटतो. त्या काळच्या समाजात वयस्क घरधन्याने असे रस्त्यावरून धावणे म्हणजे स्वतःची शोभा करून घेणे. मुलगा भाषण सुरू करतो, पण गडी म्हणून ठेवण्याचे वाक्य त्याच्या तोंडून यायच्या आतच बाप झगा, अंगठी आणि पायताण आणायला सांगतो. गडी अनवाणी असतो. पायताण घरच्या मुलाला.

रेम्ब्रांट या डच चित्रकाराने तरुणपणी, १६३५च्या सुमारास, मद्यालयात प्याला उंचावणाऱ्या उधळ्या पुत्राचे चित्र काढले. त्यात चेहरा स्वतःचा आणि शेजारी पत्नी सास्किया. पुढे १६४२ साली ती गेली, १६५६ साली त्याचे दिवाळे वाजले आणि १६६८ साली तरुण मुलगा तितुस गेला. आयुष्याच्या त्या अखेरच्या काळात त्याने पुन्हा हीच कथा रंगवली. ते चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मुंडण केलेले डोके बापाच्या छातीशी टेकवून मुलगा गुडघ्यांवर बसला आहे. त्याचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो झिजलेला तळपाय आणि पाठीवर ठेवलेले बापाचे दोन हात. ते दोन हात सारखे नाहीत. एक रुंद आणि भक्कम, दुसरा निमुळता आणि मऊ. एक बापाचा, दुसरा आईचा, असे अनेक रसिकांना वाटत आले आहे.

त्या चित्रात एका बाजूला ताठ उभा राहिलेला एक माणूस दिसतो, तो थोरला मुलगा मानला जातो. सुट्टीच्या दिवशी हा लेख वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची जागा खरे तर त्याच्याशेजारी आहे. आपण काही घर सोडून गेलो नाही, हप्ते वेळेवर भरले, म्हाताऱ्यांचे केले. म्हणूनच धाकट्यासाठी मेजवानी झाली की आपल्याला झोंबते. ‘इतकी वर्षे राबलो, मला कधी एक करडूसुद्धा दिले नाही,’ हे थोरल्याचे वाक्य वाटणीच्या प्रत्येक भांडणात आजही ऐकू येते. तो घरात राहिला, पण मुलगा म्हणून नव्हे, हिशेब ठेवणारा गडी म्हणून. त्याच्या आतल्या खोलीत उधळपट्टी नव्हती, कडवटपणा होता. आणि बाप त्याच्यासाठीही बाहेर आला, त्याचीही मनधरणी केली. तो आत गेला की नाही, ते येशूने सांगितलेले नाही. गोष्ट तिथेच थांबते. उत्तर ऐकणाऱ्याने द्यायचे आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. देव क्षमा करणारच असेल तर पाप करायला मोकळीक मिळाली की! आठवडाभर फसवावे, शनिवारी फादरकडे पापनिवेदन करावे आणि सोमवारी पुन्हा दुकान उघडावे. असे करणारे ख्रिस्ती नाहीत, असे कुणी म्हणू नये. जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बोनहॉफर याने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा क्षमेला ‘स्वस्त कृपा’ म्हटले होते. हिटलरला विरोध केल्याबद्दल एप्रिल १९४५ मध्ये त्याला फासावर चढवण्यात आले. कृपा महाग असते, हे त्याने जीव देऊन दाखवले. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशू घरी जेवायला आला एवढ्यानेच विरघळतो, पण तो नुसता डोळे पुसत बसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो. क्षमा आधी आली आणि भरपाई तिच्यामागून. पण भरपाई आली!

कृपेचे काम एका रात्रीत होते असेही नाही. जगभर गायल्या जाणाऱ्या ‘अमेझिंग ग्रेस’ या स्तोत्राचा कर्ता जॉन न्यूटन गुलामांचा व्यापार करणारा खलाशी होता. १७४८ साली समुद्रात वादळात सापडल्यावर त्याने देवाचा धावा केला. हा त्याच्या परिवर्तनाचा क्षण, असे नेहमी सांगितले जाते. त्याच्या पुढचे फारसे सांगितले जात नाही. त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांची जहाजे नेत राहिला. तळघरात माणसे साखळ्यांनी बांधलेली आणि वर कप्तान प्रार्थना करीत आहे! ते स्तोत्र त्याने पाद्री झाल्यावर, १७७३च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे लिहायला १७८८ साल उजाडले. त्या पुस्तिकेत त्याने आपल्या सहभागाची लाज उघड मांडली. ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला त्या १८०७ सालीच तो वारला. वादळ आणि कबुली यांत चाळीस वर्षे गेली. एवढा उशीर तळघरातल्या माणसांना परवडणारा नव्हता, हेही म्हटले पाहिजे. देवाची कृपा धीराची असते, पण आपल्या दिरंगाईची किंमत दुसरेच कुणी मोजत असते.

आणि ज्यांनी किंमत मोजली त्यांचे काय? क्षमेची खरी कसोटी तिथे लागते. राणी मारिया ही मूळची केरळची धर्मभगिनी मध्य प्रदेशात सावकारीत अडकलेल्या गरीब शेतकऱ्यांमध्ये काम करीत होती. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये असताना समुंदर सिंग नावाच्या तरुणाने तिला चाकूने भोसकून ठार केले. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियाची सख्खी धाकटी बहीण, तीही धर्मभगिनी, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली आणि २००६ साली तो बाहेर आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियाला ‘धन्य’ घोषित करण्याचा सोहळा झाला तेव्हा तो तिथे हजर होता.

अशी क्षमा कुणाकडूनही हक्काने मागता येत नाही, हे बजावून सांगितले पाहिजे. ‘तू ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा कर,’ किंवा ‘तू घरची सून आहेस ना, मग सोसून घे,’ असे मार खाणाऱ्या बाईला सांगणे हा क्षमेचा धडा नाही, अन्यायाला दिलेली साथ आहे. समुंदर सिंगला शिक्षा झाली होती, सत्य न्यायालयात मांडले गेले होते, त्यानंतर राखी आली. क्षमा म्हणजे झालेच नाही असे मानणे नव्हे. झाले ते पूर्ण पाहून, त्याला त्याचे खरे नाव देऊन, सूड न घेण्याचे ठरवणे म्हणजे क्षमा. ती ज्याची त्यानेच, ज्याच्या त्याच्या वेळी करायची असते. कदाचित म्हणूनच प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे क्षमा मागणे आणि दुसऱ्याला क्षमा करणे ही दोन्ही एकाच वाक्यात बांधलेली आहेत. एक आपल्या एकट्याच्या ताकदीबाहेरचे असते, म्हणून दुसऱ्याचा आधार लागतो.

वारकऱ्यांच्या या भूमीला हे सारे परके वाटू नये. इथल्या संतांनी स्वतःला पतित म्हणवून घेण्यात कधी कमीपणा मानला नाही, आणि विठ्ठलाला ‘पतितपावन’ या नावानेच हाक मारली. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाला ख्रिस्ताची कथा सांगताना मराठी ओवीच जवळची वाटली आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आजही घराघरात वाचली जातात, ती काय थोरवीमुळे? नारायण वामन टिळकांचा शीघ्रकोप आणि विसराळूपणा, स्वतःची सोवळ्याओवळ्याची कडक समजूत, घरातली भांडणे, सगळे त्या खळखळून हसत सांगतात. आतल्या खोलीचे दार त्यांनी सताड उघडे ठेवले आहे. ज्याला आपण स्वीकारले गेलो आहोत याची खात्री असते, त्यालाच स्वतःच्या दोषांवर असे हसता येते.

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेताना ख्रिस्ती माणूस ‘तू माती आहेस’ हे ऐकतो आणि चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला लागतो. त्या दिवशी चर्चच्या रांगेत डॉक्टर, रिक्षावाला, शाळेतली बाई, पोलीस आणि खुद्द धर्मगुरू, सगळ्यांच्या कपाळी सारखीच राख असते. आपल्यालाही घरातल्या घरात असे काही करता येईल. रात्री मूल झोपायच्या आत त्याच्याजवळ बसून बापाने म्हणावे, ‘सकाळी मी उगाच ओरडलो. माझे चुकले.’ त्याने बापाचा मान कमी होत नाही. मुलाला मात्र कळते की या घरात चुकलेल्या माणसाला जागा आहे. उद्या त्याच्या हातून काही विपरीत घडले तर ते लपवायला दुसरी खोली शोधणार नाही, आपल्याकडेच येईल.

पाहुणे जातात, कप विसळले जातात आणि आतल्या खोलीचे दार पुन्हा उघडावेच लागते. पसारा तसाच पडलेला असतो. पण घरातले कुणीतरी मागोमाग येते, न बोलता त्या ढिगातला एक कपडा उचलते आणि घडी घालू लागते. देवाची कृपा काहीशी अशीच असते. ती पसाऱ्याला नावे ठेवत नाही आणि तो नाहीच असेही म्हणत नाही. ती आत येते आणि आवरायला लागते. आपण फक्त कडी काढायची असते.